कडक इस्त्री : एका शर्टाचा अभ्यास

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रहो, शीर्षक वाचून लगेच पान उलटू नका. ह्या अंकात कुणी रोबोटिक्सवर लिहिलं असेल, कुणी गडकिल्ल्यांवर, कुणी पहिल्या पावसावर कविता केली असेल. मी लिहितोय शर्टाला खळ देऊन घरच्या घरी इस्त्री कशी करावी ह्यावर. संपादक मंडळातल्या मित्राला विषय सांगितला तर तो म्हणाला, "लेका, लाँड्रीवाला मेला का काय?" मेला नाही. पण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री अख्ख्या होस्टेलचे शर्ट त्याच्याकडे पडलेले असतात आणि तो साडेनऊला शटर ओढतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. गादीखाली शर्ट ठेवून झोपणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत. मीही त्यातलाच होतो. गादीखालून निघालेल्या शर्टाला घडी पडते, इस्त्री होत नाही, एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

पण मी हे शिकलो ते इंटरव्ह्यूमुळे नाही. एक शर्ट जाळला म्हणून शिकलो. तो आधी सांगतो.

माझं गाव बिलोली. नांदेडहून नरसी-नायगावमार्गे एसटीनं जायचं, पुढं थोड्या अंतरावर तेलंगणाची हद्द. माझे वडील तिथं एका शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, माठ भरायचे आणि वर्षातून काही दिवस झेंड्याची दोरी बांधायची: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि आमच्या मराठवाड्याचा चौथा दिवस, १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बाबांचा शर्ट असा कडक असायचा की साहेब आणि शिपाई शेजारी उभे राहिले तर परक्या माणसानं बाबांनाच आधी नमस्कार करावा. (एकदा असं झालेलं आहे. बाबा ते कुणाला सांगत नाहीत, आई सगळ्यांना सांगते.)

मागच्या वर्षी ३० एप्रिलला बाबा रिटायर झाले. शाळेत निरोप समारंभ ठरला. त्यासाठी त्यांनी धर्माबादहून पांढरं कापड आणून टेलरकडून नवा शर्ट शिवून घेतला. मी पीएल लागली म्हणून घरी आलो होतो. समारंभाला तीन दिवस होते. बाबांचा शर्ट आपण इस्त्री करू, असा उत्साह मला आला. घरातली जुनी इस्त्री काढली, नॉब 'कॉटन'वर फिरवला, कारण बाबांचे पांढरे शर्ट कॉटनचेच असतात हे माझ्या डोक्यात पक्कं. मधे मोबाईल वाजला. बोलून आलो आणि इस्त्री थेट खिशावर टेकवली. ती सरकेचना. उचलली तर तिच्याबरोबर खिसा उठला. इस्त्रीच्या आकाराचं भोक, कडेला काळपट कडक गाठ.

नवा शर्ट टेरिकॉटचा होता.

आई काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. बाबा संध्याकाळी आले, शर्ट उचलून भोकातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं. ह्याची कॉलर मला काचतच होती." शर्ट त्यांनी एकदाही घातलेला नव्हता.

आता झालं काय होतं ते बघू, कारण आपण शेवटी इंजिनिअर होणार आहोत. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचं मिश्र सूत. त्यात पुष्कळदा पॉलिएस्टरच जास्त असतं, साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस. पॉलिएस्टर २५५-२६० अंश सेल्सिअसला वितळतं. इस्त्रीवर जे ठिपके असतात त्यांचा अर्थ असा : एक ठिपका म्हणजे कमाल ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. म्हणजे 'कॉटन'वर ठेवूनही इस्त्रीनं २००च्या आसपास थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, कारण तिचा थर्मोस्टॅट चिकटलेला होता. थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. तो जो 'टिक्' आवाज येतो तो ह्याचाच. आमच्या इस्त्रीचा 'टिक्' कधीचाच बंद पडलेला होता.

मग हिशेब करा. इस्त्री ७५० वॅटची. तळाचं अ‍ॅल्युमिनियम धरू एक किलो. विशिष्ट उष्मा साधारण ०.९ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. ३० अंशांपासून २६० पर्यंत न्यायला २०७ किलोज्यूल लागतात. भागिले ७५० वॅट, म्हणजे २७६ सेकंद. पावणेपाच मिनिटं. हवेत जाणारी उष्णता धरली तरी सहा-सात मिनिटं पुरेत. माझा फोन त्याहून लांबला होता. एवढं गणित मला हीट ट्रान्सफरच्या पेपरात येत होतं, इस्त्री हातात असताना आठवलं नाही. तेव्हा पहिला धडा : जुनी इस्त्री वापरण्याआधी कान देऊन 'टिक्' ऐका. ऐकू आला नाही तर ती इस्त्री दुरुस्तीला द्या.

आणि दुसरा : कापड कोणतं हे टेलरच्या शर्टावर लिहिलेलं नसतं, ते तपासावं लागतं. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख मऊ, फुंकरीनं उडून जाणारी. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि टोकाला कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही दिसतं. एक मिनिटाचं काम आहे. मी ते केलं असतं तर हा लेख लिहिला नसता.

असो. आता समारंभाला दोन दिवस. दुसरा नवा शर्ट शिवून मिळणं शक्य नव्हतं. आईनं ट्रंकेतून बाबांचा जुना सुती शर्ट काढला. पिवळट पडलेला, पोतेऱ्यासारखा ढिला. मी म्हटलं, "आई, हा?" ती म्हणाली, "खळ दे त्याला. तूच दे. मी सांगते."

खळ म्हणजे स्टार्च. कुणी कांजी म्हणतं. आमच्या शेजारच्या मावशींचं माहेर तेलंगणातलं, त्या 'गंजी' म्हणतात. तेलुगूत गंजी म्हणजे पेज. आमच्याकडं गंजी म्हटलं की कडब्याची आठवते, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मावशी शर्ट कडब्यात ठेवतात. नवं कोरं कापड कडक लागतं तेही खळीमुळंच. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, नाहीतर घर्षणानं सूत तुटतं. इचलकरंजी, मालेगावकडचे मित्र ह्याला सायझिंग म्हणतात आणि त्याचे तिथं मोठाले कारखाने आहेत. पहिल्या दोन धुण्यांत ती खळ निघून जाते आणि दुकानात छान वाटलेला शर्ट मवाळ होतो. आपण घरी जे करतो ते फक्त गेलेलं परत देणं.

खळ कापसालाच का धरते ह्याचं उत्तर केमिस्ट्रीत आहे. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त जोड वेगळ्या पद्धतीचे. दोघांवरही हायड्रॉक्सिल गट भरपूर, त्यामुळं ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात. पॉलिएस्टरला असा धरायला हात नाही. म्हणून शुद्ध पॉलिएस्टरला खळ देणं व्यर्थ, पांढरी भुकटी होऊन गळते. टेरिकॉटला थोडी धरते, ती त्यातल्या कापसाला.

पहिला दिवस गेला शर्ट पांढरा करण्यात. ह्यावर फार लिहीत नाही. कोमट पाण्यात साबणाच्या पावडरीत तासभर भिजवला, कॉलर आणि कफ ब्रशनं हलक्या हातानं घासले. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही आणि त्याचा करडा थर कापडावर बसतो. आईनं नळाचं पाणी राखून ठेवलं होतं. तीन पाण्यांतून खंगाळला. साबण राहिला तर इस्त्रीखाली तो पिवळा पडतो, हे लक्षात ठेवा. शेवटच्या पाण्यात नीळ. निळीचा शर्ट पांढरा होत नाही, पिवळेपणावर निळा चढला की डोळ्याला पांढरा दिसतो, एवढंच. टिनोपॉलची गोष्ट वेगळी : ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून उन्हात जास्त चमकतं. नीळ थेट कापडावर ओतायची नाही, आधी पाण्यात मिसळायची. नाहीतर डाग पडतात आणि माणूस होळीहून आल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी खळ. आईची पद्धत पेजेची. कुकरमध्ये भात लावणाऱ्यांना पेज मिळत नाही, त्यामुळं त्या दिवशी पातेल्यात भात. तांदूळ उकळत आला की वरचं दाट पाणी ओतून घ्यायचं, पातळ फडक्यातून गाळायचं, मग त्याच्या तिप्पट पाणी. तोवर शर्ट धुतलेला आणि ओलाच हवा. कोरड्या कापडाला खळ दिली तर जिथं आधी लागते तिथंच पिऊन घेते आणि ठिपके ठिपके कडक होतात.

होस्टेलवर पेज कुठून आणणार? मेसच्या मावशींना मागून बघा, देतात. नाहीतर मक्याचं पीठ, म्हणजे किराणा दुकानात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळतं ते. एक लिटर पाण्याला एक सपाट मोठा चमचा, साधारण आठ ग्रॅम. पण सरळ उकळत्या पाण्यात टाकू नका. स्टार्चचे कण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचे कण झटक्यात फुगून चिकट भिंत तयार करतात, आतलं पीठ कोरडंच राहतं. त्यालाच आपण गुठळी म्हणतो. पिठल्यात होते तीच. म्हणून आधी अर्धी वाटी थंड पाण्यात पीठ कालवून घ्यायचं, मग ते उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत सोडायचं. दोन मिनिटं उकळी. दुधाळ रंग जाऊन पारदर्शक व्हायला लागलं की झालं. गाळायचं. गाळणं टाळलं की काळ्या शर्टावर पांढरे कण दिसणार म्हणजे दिसणार. साबुदाण्याचीही खळ छान होते, मूठभर साबुदाणा लिटर-सव्वा लिटर पाण्यात विरघळेपर्यंत उकळायचा; उपवासाला उरलेला असेल तर बरं. बाजारात रिव्हाइव्हसारखी तयार पावडर मिळते, तीवर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे करावं, वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

ह्या खळीत शर्टावर नेमकं किती स्टार्च बसतं? शर्ट धरा २०० ग्रॅमचा. हलकं पिळल्यावर त्यात समजा त्याच्याच वजनाइतकं पाणी राहिलं. त्या २०० ग्रॅम खळीत आठ-हजारांश पीठ, म्हणजे फक्त १.६ ग्रॅम. एवढ्या चिमटीवर साऱ्या शर्टाचा रुबाब उभा असतो. म्हणूनच चमचाभर जास्त पडलं की शर्टाचा पुठ्ठा होतो आणि बाही मुडपताना कागदासारखा आवाज येतो. पुढाऱ्यांना तो आवाज हवा असतो. आपल्याला नको.

खळ कोमट झाली की शर्टाची बटणं लावून, उलटा करून बुडवायचा. उलटा अशासाठी की चुकून राहिलेला कण आतल्या बाजूला बसावा. दोन मिनिटं दाबत राहायचं. पिळताना करकचून पिळा मारायचा नाही, दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं. मग झटकायचा, खांद्यापासून दोन-तीन फटके. आई म्हणाली, "झटकण्यात अर्धी इस्त्री हाय." खरं आहे. ओल्या सुताचे बंध ढिले असतात, झटक्यानं जे सरळ होतं ते तसंच वाळतं.

वाळवणं आमच्याकडं एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांचं काम. ऊन असं की तारेवरचा शर्ट चहा होईपर्यंत पापड होतो. पण तसा होऊ द्यायचा नाही. सावलीत टाकायचा आणि आंबट-ओला असतानाच काढायचा. आंबट-ओला हा शब्द मराठीत किती नेमका आहे बघा. हाताला गार लागतो पण पाणी येत नाही. ह्या अवस्थेत कापडात पाणी सारखं पसरलेलं असतं, वरून शिंपडून ते जमत नाही. पूर्ण वाळलाच तर पाणी शिंपडून, गुंडाळी करून, अर्धा तास फडक्यात बांधून ठेवायचा. पावसाळ्यात उलटं संकट : खळीचा शर्ट वाळला नाही की आंबतो. शेवटी ती पेजच आहे. अशा दिवसांत खळ पातळ ठेवा आणि पंख्याखाली वाळवा.

आता इस्त्री. चिकटलेल्या इस्त्रीला मी हात लावणार नव्हतो. शेजारच्या मावशींकडून त्यांची घेतली, 'टिक्' ऐकला, तीन ठिपके. आई म्हणाली आधी जुन्या फडक्यावर फिरव. खळ लागलेलं कापड आणि तळाला चिकटलेली जुनी घाण ह्यांचं नातं फार वाईट, तपकिरी रेघ उमटते ती जात नाही. तळाला खळ चिकटलीच तर बटण बंद करून, इस्त्री कोमट असताना ओल्या फडक्यानं पुसावी. चाकूनं खरवडू नये.

इस्त्रीनं नेमकं होतं काय? सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये पाणी शिरलं की हायड्रोजन बंध सुटतात, साखळ्या सरकायला मोकळ्या होतात. उष्णता आणि दाब त्यांना सपाट बसवतात. पाणी वाफ होऊन गेलं की त्याच जागी बंध पुन्हा जुळतात, वर स्टार्चचा पातळ पापुद्रा त्यांना धरून ठेवतो. म्हणजे इस्त्री म्हणजे वाळवणं. अर्धवट ओला सोडला तर तारेवर लटकूनही शर्ट पुन्हा चुरगळतो. आणि इस्त्री झाल्या झाल्या अंगात घालू नये, पाच-दहा मिनिटं हँगरला द्यावा. आपण इंटरव्ह्यूच्या सकाळी नेमकं हेच करत नाही.

क्रम आईचा असा. आधी कॉलर, आणि तीही उलट्या बाजूनं. टोकाकडून मधे. मधून टोकाकडं गेलात तर सगळी चुणी टोकाला जमा होते आणि तिथं ती कायमची दाबली जाते; समोरचा माणूस आपल्याशी बोलताना तेच बघत असतो. मग खांद्याची पट्टी, कफ आतून-बाहेरून, बाह्या. बाहीची शिवण खाली ठेवून ती सपाट करायची, मग वर इस्त्री. मग काजपट्टी, बटणांच्या मधून टोक फिरवत. बटणावर इस्त्री ठेवायची नाही, प्लास्टिकचं असतं. शेवटी पुढचे दोन भाग आणि पाठ. मोठे भाग शेवटी ह्यासाठी की ते आधी केले तर बाह्या करताना पुन्हा चुरगळतात. फिरवायची उभ्या ताण्याच्या दिशेनं. तिरकी ओढलीत तर कापड ताणतं आणि शर्ट एका बाजूला लांब होतो.

माझी पहिली कॉलर बिघडली. दुसरीही, म्हणजे तीच परत. तिसऱ्यांदा पाणी लावून केली तेव्हा आईनं ती माझ्या हातातून घेतली नाही, एवढंच.

आमच्या लहानपणी घरात वीज असून नसल्यासारखी होती, तेव्हा आई पितळी तांब्यात निखारे घालून शाळेच्या शर्टावर फिरवायची. तांब्याचा बुडाचा भाग गोल, त्यामुळं दाब पडायचा तो एका छोट्या वर्तुळावर. चौकातल्या परटाकडं कोळशाची पितळी इस्त्री होती, पाच-सहा किलोची. ती नुसती ठेवली तरी सुरकुती जायची, त्यात त्याचं मनगट. ७५० वॅटच्या हलक्या इस्त्रीला तो दाब आपण द्यावा लागतो. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतलं, पण घराघरांत वीज यायला पुढं कितीतरी काळ गेला, आणि आपल्याकडं कोळसा अजूनही रस्त्यावर दिसतो. कोळशाची इस्त्री बंद खोलीत कधीही वापरू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बऱ्याच शहरांत आता गॅसवरच्या इस्त्र्या आल्या आहेत. आणि तामिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या विनिशा उमाशंकर ह्या शाळकरी मुलीनं कोळशाऐवजी सौरऊर्जेवर चालणाऱ्या इस्त्रीच्या गाड्याची रचना केली. २०२१ च्या अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम यादीत ती होती आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोललीही. आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दरवर्षी तीच तीन मॉडेल्स दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

परीट हा बारा बलुतेदारांतला एक. गावाचे कपडे धुणारा, आणि गावानं त्याला शेवटच्या रांगेत बसवलेला. गाडगेबाबा ह्याच समाजात १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. सीमेपलीकडं, तेलंगणात, निजामाच्या काळात देशमुखांविरुद्ध आपल्या शेतासाठी उभी राहिलेली चाकली ऐलम्मा. तेलुगूत चाकली म्हणजे परीटच. आपण दहा रुपये टाकून शर्ट घेऊन येतो आणि घडी मोडली म्हणून त्या माणसावर आवाज चढवतो. दोन दिवस कॉलरशी झटल्यापासून मी चढवत नाही.

खादीचं थोडं. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि तिचं उदगीरचं केंद्र राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी ओळखलं जातं. हातकताईच्या सुताला तुसं जास्त, पीळ कमी-जास्त. खळ ती तुसं बसवते, म्हणून खादीला गिरणीच्या कापडापेक्षा दाट खळ लागते आणि आंबट-ओलेपणीच इस्त्री लागते. होस्टेलमध्ये खादीचा कुर्ता घालून मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सध्या ते गोणपाटात दिसतात.

होस्टेलच्या दृष्टीनं दोन-तीन गोष्टी. रेक्टर सर हा अंक वाचतात, म्हणून स्पष्ट लिहितो : खोलीत इस्त्री लपवून वापरण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर एक टेबल, एक पक्का सॉकेट आणि एक इस्त्री द्यावी. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेते. एका विंगच्या १६ अँपिअरच्या एमसीबीवर अशा चार लागल्या की १७ अँपिअरच्या वर जाऊन ती पडते, आणि मग अंधारात सगळे एकमेकांना शिव्या देतात. मोबाईल चार्जरच्या बारीक एक्स्टेन्शनवर इस्त्री लावू नका, वायर गरम होते. अर्थिंगची पिन कापून टू-पिनमध्ये घुसवणारे आमच्या विंगमध्ये दोघं आहेत. ओला शर्ट, लोखंडी पलंग आणि अर्थिंग नसलेली इस्त्री, ह्याहून जास्त काय लिहू? वीज मात्र फार लागत नाही. ७५० वॅटची इस्त्री सलग वीस मिनिटं चालली तरी पाव युनिट.

पलंगावर करायची तर गादीवर नको, दाब जिरतो. फळीवर किंवा टेबलावर ब्लँकेटची दोन पदरी घडी आणि वर पांढरी सुती चादर. खळीचे कपडे ट्रंकेत महिनोन् महिने ठेवू नका, झुरळं आणि कसर त्याच पेजेवर येतात. सुट्टीला जाताना धुऊन, खळ काढून ठेवा. कापडावर खळ आहे की नाही हे बघायचं असेल तर आतल्या कडेला आयोडिनचा एक थेंब. निळा-काळा झाला तर आहे. मात्र इंटरव्ह्यूच्या शर्टावर हा प्रयोग करू नका, तो डाग लवकर जात नाही.

३० एप्रिलला बाबा तो जुना शर्ट घालून गेले. शाल, श्रीफळ, हार. हार पडल्यावर ओल्या फुलांनी खळ ढिली झाली आणि छातीवर एक वाटोळी चुणी पडली, ती फोटोत दिसते. भाषणाला उभे राहिले तेव्हा काही सुचलं नाही म्हणून शर्टाची बाही सारखी करत होते. मग म्हणाले, "चूक-भूल असेल तर माफी असावी," आणि बसले. सकाळी, १ मेला, झेंड्याची दोरी दुसऱ्यानं बांधली. बाबा मुलांच्या रांगेमागं उभे होते, त्याच शर्टात, कारण आईनं रात्री परत इस्त्री फिरवली होती.

सप्टेंबरात मी मुद्दाम घरी गेलो. अर्जापूरचे हुतात्मा गोविंदराव पानसरे (कोल्हापूरचे नव्हेत, आमच्या तालुक्यातले, १९४६ साली गेलेले) यांचं नाव १७ सप्टेंबरला आमच्याकडं भाषणात आल्याशिवाय राहत नाही, आणि बाबा ते ऐकायला दरवर्षी जातातच. पावसाची झड होती. दोन दिवस आधी पातळ खळ दिली, पंख्याखाली वाळवला, रात्री इस्त्री केली. कॉलर एकदाच केली. बाबांनी ती बोटानं दाबून बघितली, आणि आईकडं बघून म्हणाले, "ही तू केलीस ना?"

आई म्हणाली, "व्हय, मीच."

ती तेव्हा भाकरी थापत होती, हात पिठाचे होते.